स्वीपर (पोकेमॉन)

पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेममध्ये दोन खेळाडू पोकेमॉन नावाच्याच प्राण्यांचे, साधारण सहा-सहांचे, संघ लढवतात. स्वीपर म्हणजे अशा लढतीत समोरच्याआधी वार करून, त्याला उलट वार करायला वाव न देता, एकामागून एक गडी बाद करत जाणारा वेगवान हल्लेखोर. शब्द इंग्रजी आहे आणि मुंबईतले खेळाडूही तोच वापरतात. खरे तर कबड्डीत समोरचा अख्खा संघ बाद करण्याला 'लोण चढवणे' म्हणतात, तो शब्द इथे अधिक चपखल बसला असता. चढाईपटूचे आणि स्वीपरचे काम एकच: एकट्याने आत शिरायचे आणि पकड बसण्याआधी हात लावायचा. फरक असा की चढाईपटूला गुण मिळवण्यासाठी मध्यरेषेपर्यंत परतावे लागते, तर स्वीपर मैदान सोडून परतला की त्याने लढतीत वाढवलेली ताकद आणि वेग, दोन्ही पुसले जातात. म्हणून तो आत कधी शिरतो, यावरच बहुतेक वेळा लढतीचा निकाल ठरतो.

पोकेमॉन रेड आणि ग्रीन हे पहिले खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये विक्रीला आले. दोन्ही खेळाडू आपापली चाल गुपचूप निवडतात आणि मग ज्याच्या पोकेमॉनचा वेग जास्त त्याची चाल आधी होते, ही चौकट तेव्हापासून टिकून आहे. पहिल्या पिढीत, म्हणजे खेळांच्या या पहिल्या टप्प्यात, तर वेगाला दुहेरी मोल होते. वार 'क्रिटिकल' लागण्याची, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त नुकसान करण्याची, शक्यता तेव्हा मूळ वेगाला (त्या जातीच्या पोकेमॉनला खेळाने दिलेला आकडा, ज्यावरून प्रत्यक्ष वेग निघतो) ५१२ ने भागून ठरायची. मूळ वेग ११० असलेल्या टॉरोसचा दर पाच वारांतला साधारण एक क्रिटिकल लागे, तर ३० वेगाच्या स्नॉरलॅक्सचा सोळा-सतरांतला एखादा. दुसऱ्या पिढीपासून हा संबंध तुटला, आणि ते बरेच झाले.

वेग मोजायचा कसा

नवखा खेळाडू वेगाचा हिशेब ताकदीसारखा करतो आणि तिथेच फसतो. ताकद दहा टक्क्यांनी वाढली की नुकसानही जवळपास तितकेच वाढते, म्हणजे प्रत्येक गुणाचे थोडेफार मोल मिळते. वेगाचे तसे नाही. वेग ही निव्वळ तुलना आहे. समोरच्यापेक्षा एक गुण जास्त असला काय आणि शंभर असले काय, चाल आधीच होणार. एक गुण कमी पडला तर शंभर कमी पडल्यासारखेच. ठाण्याची लोकल एका सेकंदाने चुकली काय किंवा पाच मिनिटांनी, फलाटावर उभे राहावे लागतेच. त्यामुळे 'हा किती वेगवान आहे' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. 'हा कोणाकोणाच्या पुढे आहे' हा खरा प्रश्न.

गारचॉम्प हे त्याचे ठरलेले उदाहरण. २००६ साली डायमंड-पर्ल या खेळांत आलेल्या या पोकेमॉनचा मूळ वेग १०२. हा आकडा वरवर विचित्र वाटतो, पण मूळ वेग १०० असलेल्यांची तिथे मोठी गर्दी आहे: चारिझार्ड, सॅलमेन्स, झॅपडॉस, व्होल्कारोना. ५० व्या लेव्हलला या सगळ्यांचा वेग ताणून ताणून १६७ पर्यंत जातो आणि गारचॉम्पचा १६९ पर्यंत. अवघ्या दोन गुणांच्या जोरावर तो या सगळ्या रांगेच्या पुढे उभा राहतो. २००८ मध्ये स्मॉगन या ऑनलाइन समुदायाने त्याला आपल्या मुख्य गटातून काढून अतिबलवानांसाठीच्या वरच्या 'उबर' गटात ढकलले. त्याची ताकद, वाळूच्या वादळात वार चुकवणारी सँड व्हेल ही क्षमता आणि हे मोक्याचे दोन गुण, असे सगळे एका ठिकाणी जमून आले होते.

वेग ताणायचे तीन मार्ग आहेत. जन्मजात मिळणारे ० ते ३१ गुण. सरावातून मिळणारे 'ईव्ही', ज्यांची एकूण मर्यादा ५१० आणि एका गुणप्रकाराची २५२ (हा हिशेब स्कार्लेट-व्हायोलेटपर्यंतच्या मुख्य खेळांचा आहे). आणि स्वभाव, जो एक गुणप्रकार दहा टक्क्यांनी वाढवतो व दुसरा तितकाच घटवतो. हे सगळे डोळे मिटून वेगात ओतणे ही दुसरी नेहमीची चूक. ज्याच्या पुढे जायचे आहे त्याच्यापेक्षा एक गुण जास्त होईल इतकेच वेगात घालावे आणि उरलेले गुण जीव, म्हणजे मार सोसायची क्षमता, वाढवायला ठेवावेत. अर्थात समोरचाही हाच हिशेब करून आणखी एक गुण चढवतो, मग आपण आणखी एक. या कुरघोडीला 'स्पीड क्रीप' म्हणतात. दोघांचा वेग तंतोतंत सारखा निघाला, तर कोण आधी हे त्या त्या वेळी छापा-काट्यासारखे ठरते, आणि स्वीपरचे भवितव्य छापा-काट्यावर सोडणे म्हणजे आधीच्या तयारीत कुठेतरी कमी पडल्याची कबुलीच.

ड्रॅगोनाइटचे गणित

स्वीपरचा सगळा पेच एकाच पोकेमॉनमध्ये पाहायचा असेल तर ड्रॅगोनाइट घ्यावा. त्याचा मूळ वेग ८०, म्हणजे एरवी कोणी त्याला वेगवान म्हणणार नाही. पण ड्रॅगन डान्स ही चाल एकदा खेळली की त्याची ताकद आणि वेग दोन्ही दीडपट होतात. आता स्वभाव कोणता ठेवायचा? ताकद वाढवणारा ॲडमंट ठेवला तर ५० व्या लेव्हलला त्याची ताकद २०४ आणि वेग १३२. वेग वाढवणारा जॉली ठेवला तर ताकद १८६ आणि वेग १४५. एका नाचानंतर पहिल्याचा वेग १९८ होतो, दुसऱ्याचा २१७.

समोर गारचॉम्प असेल तर दोघेही पुढे जातात आणि जॉलीवाल्याने अठरा गुणांची ताकद उगाच गमावलेली असते. समोर ड्रॅगापल्ट आला की चित्र पालटते. त्याचा मूळ वेग १४२, पूर्ण ताणला की २१३. जॉली ड्रॅगोनाइट चार गुणांनी पुढे. ॲडमंट ड्रॅगोनाइट पंधरांनी मागे, म्हणजे बाद होण्याचीच शक्यता जास्त. ॲडमंटवाला म्हणेल, 'माझ्याकडे एक्स्ट्रीम स्पीड आहे की, ती चाल वेग न बघता आधी लागते.' खरे आहे, पण प्रत्येक चालीला आणि पोकेमॉनला टाइप, म्हणजे जातकुळी असते; ती नॉर्मल टाइपची चाल आणि ड्रॅगापल्ट अर्धा घोस्ट टाइपचा, आणि घोस्टला नॉर्मल चाल लागतच नाही. आणि यातही एक मेख आहे: समोरच्याने ड्रॅगापल्टला वेगाचा स्वभाव न देता ताकदीचा दिला असेल, तर त्याचा वेग १९४ वरच थांबतो आणि ॲडमंट ड्रॅगोनाइटसुद्धा चार गुणांनी निसटून पुढे जातो. म्हणजे आपला स्वभाव निवडताना समोरच्याने काय निवडले असेल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. लढत सुरू होण्याच्या कितीतरी आधी खेळलेली ही चाल आहे.

नाचायला सवड मिळण्याचीही सोय त्याच्याकडे आहे. त्याची मल्टिस्केल ही क्षमता जीव पूर्ण भरलेला असताना नुकसान निम्मे करते, त्यामुळे एक वार झेलून नाचता येते. मात्र समोरच्याने मैदानात स्टेल्थ रॉकचे दगड पसरले असतील, तर उडणारा ड्रॅगोनाइट मैदानात पाय ठेवताच चतुर्थांश जीव गमावतो आणि मल्टिस्केलही निकामी होते. चारिझार्डचे हाल त्याहून वाईट, त्याचा अर्धा जीव जातो. म्हणून २०१९ च्या सोर्ड-शील्डमध्ये हेवी-ड्यूटी बूट्स आले तेव्हा असे अनेक पोकेमॉन जणू नव्याने खेळात परतले. ते बूट घातले की दगड टोचत नाहीत.

वाट मोकळी करणे

चांगला स्वीपर सहसा शेवटी येतो. त्याआधी बाकीच्या पाच जणांनी त्याची वाट मोकळी केलेली असावी लागते. दगड पसरणारा एक असतो. जाड भिंतींना तडे पाडणारा, वेगाने मंद पण ताकदीने भारी असा एक असतो. यू-टर्न मारून निघून जाणारा एक असतो: वार करतो आणि त्याच दमात जागा दुसऱ्याला देतो. स्वीपरला ओरखडाही न येता आत आणायचा सर्वांत स्वस्त मार्ग मात्र क्रूर आहे. आधीच अर्धमेला झालेला आपला एक गडी मुद्दाम बळी द्यायचा. गडी बाद झाला की त्याच्या जागी येणाऱ्यावर कुणाचा वार बसत नाही. बुद्धिबळ खेळलेल्याला हे शिकवावे लागत नाही, बाकीच्यांचा जीव प्यादे सोडताना अडतो.

वेग उसना घेण्याचेही प्रकार आहेत. चॉइस स्कार्फ गळ्यात घातला की वेग दीडपट होतो, पण मैदान सोडेपर्यंत एकच चाल खेळता येते. स्कार्फवाला गारचॉम्प २५३ पर्यंत जातो, ड्रॅगापल्टच्या बराच पुढे. तरी अशा पोकेमॉनने लोण चढवण्यापेक्षा समोरच्या स्वीपरचा काटा काढणेच अधिक शोभते, कारण चौथ्या-पाचव्या वाराला त्याच एका चालीची तोड समोर येऊन उभी राहते.

हवामानाचा वेग हा वेगळाच खाक्या. किंगड्रासारख्या पोकेमॉनचा वेग पावसात दुप्पट होतो. मूळ वेग ८५ असूनही, वेगाचा स्वभाव न देताच, तो २७४ गाठतो. (पावसात वेग दुप्पट होणे ही कल्पना जुलैतल्या मुंबईकराला पटणे कठीण, पण खेळ जपानी आहे.) पाचव्या पिढीत काही पोकेमॉन नुसते मैदानात आले की कायमचा पाऊस लागायचा, तेव्हा अशा संघांपुढे कुणाचे चालेना. स्मॉगनने २०११ मध्ये पाऊस पाडणारी ड्रिझल आणि पावसात धावणारी स्विफ्ट स्विम या दोन क्षमता एकाच संघात ठेवायला बंदी घातली. सहाव्या पिढीपासून खेळानेच असा पाऊस पाच फेऱ्यांवर आणला.

तोड

स्वीपर थांबवायला त्याच्याहून वेगवान असावे लागत नाही, आणि या खेळाची खरी गंमत इथे आहे. बुलेट पंच, आइस शार्डसारख्या चाली वेगाची रांग ओलांडून आधी लागतात. लकवा मारला की वेग निम्मा होतो. सातव्या पिढीच्या आधी तर तो चतुर्थांशच उरायचा. रोअर या चालीने स्वीपरला मैदानाबाहेर हाकलले की त्याचा सगळा नाच वाया जातो. क्वॅगसायरच्या अनअवेअर क्षमतेपुढे वाढलेल्या ताकदीला किंमतच उरत नाही. आणि डिट्टो सर्वांत खट्याळ: तो आत येताच समोरच्याची हुबेहूब नक्कल होतो, वाढवलेल्या ताकदीसकट. त्याच्या गळ्यात स्कार्फ असेल तर आपलाच स्वीपर आपल्यावर आपल्याहून वेगाने धावून येतो.

ट्रिक रूम या चालीने तर सारी रांगच उलटी होते. पाच फेऱ्यांसाठी मंद असणाऱ्याची चाल आधी होते. अवघा २० मूळ वेग असलेला टॉरकोल मग २१३ च्या ड्रॅगापल्टच्याही आधी वार करतो.

अधिकृत स्पर्धा दुहेरी असतात: सहांपैकी चार निवडायचे, दोन-दोन मैदानात, सगळे ५० व्या लेव्हलचे. तिथे एकट्याने लोण चढवणे अवघड, कारण एकावर दोघांचे वार येतात. त्यामुळे टेलविंड या चालीने चार फेऱ्या सगळ्या संघाचा वेग दुप्पट करणे, किंवा हल्लेखोराच्या शेजारी त्याच्यावरचे वार अंगावर घेणारा उभा करणे, असे मार्ग चालतात. २०१४ च्या वॉशिंग्टनमधल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू या कुणी गंभीरपणे न घेतलेल्या खारीला नेमके हेच काम दिले आणि विजेतेपद मिळवले.

मुंबईत

मुंबईच्या एका पिढीला पोकेमॉन प्रथम भेटला तो २००३ पासून कार्टून नेटवर्कवर, हिंदीत. त्या मालिकेत शेवटच्या क्षणी जिद्दीने उठून जिंकणे पुष्कळ आहे, वेगाचे गणित जवळपास नाही. पोकेमॉन ज्यावर चालतो ते निन्टेन्डोचे कन्सोल भारतात अधिकृतपणे सहसा मिळत नसल्याने मूळ खेळ हाती पडायचा तो परदेशातून कुणी आणला तर, किंवा लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आयात केलेला मिळाला तर. स्पर्धात्मक लढतीची दारे खऱ्या अर्थाने उघडली ती ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या पोकेमॉन शोडाउनमुळे. संघ बांधायला काही मिनिटे पुरतात, कन्सोल लागत नाही, आणि एक लढत दादर ते अंधेरी प्रवासात सहज उरकते. बोली मिश्रच आहे: 'स्कार्फ असणार बघ', 'फुकटात सेटअप दिलास रे', 'स्पीड टाय हरलो यार'.

१४ डिसेंबर २०१६ पासून जिओच्या भागीदारीत आलेल्या पोकेमॉन गो या मोबाइल खेळाने खेळाडू कितीतरी पटींनी वाढवले, पण वेगाच्या बाबतीत त्याने घोटाळाच केला. त्यात वेग हा गुणप्रकारच नाही. ताकद, बचाव आणि दम असे तीनच. दोघांनी चार्ज्ड वार (साठवलेल्या ऊर्जेचा मोठा वार) एकाच क्षणी सोडला तर ज्याची ताकद जास्त त्याचा आधी लागतो. त्यामुळे गो खेळून शोडाउनकडे वळलेला खेळाडू सुरुवातीला सगळ्यांत ताकदवान पोकेमॉन पहिल्याच फेरीत पुढे करतो, समोरचा आधी वार करून त्याला आडवा करतो, आणि आपली चाल झालीच कशी नाही म्हणून तो मोबाइलचे नेट तपासत बसतो.