मॉर्मन मिशनरी पोरांना पगार मिळत नाही
पांढरा शर्ट, टाय आणि काळा नेमटॅग लावून जोडीने फिरणारी मॉर्मन या अमेरिकेत सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाची ती अमेरिकन पोरं दिसली की लोक हमखास म्हणतात, चर्च यांना मस्त पगार देतं. अजिबात नाही! उलट पैसे हेच भरतात, अमेरिकेतून जाणाऱ्यांना जुलै २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर, स्वतः साठवलेले नाहीतर घरच्यांनी दिलेले, आणि ते सगळे एकाच फंडात जमतात म्हणून ब्राझीलला जा की जपानला, रक्कम तीच. देशही स्वतः निवडता येत नाही. सकाळी साडेसहाच्या सुमाराला उठून अभ्यास, मग दिवसभर लोकांना भेटत फिरायचं, कपडे धुवायला आठवड्यातून एक दिवस. मुलं अशी २ वर्षं काढतात, मुली दीड. एवढ्या कोवळ्या वयात हे सोपं नाहीये! बरं, घरी मात्र फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन करता येतो.