पार्श्वभूमी : कांदळाच्या वाशाएवढी खोली

नवी मुंबईत पाम बीच रोडवरून जाताना नव्या टॉवरांकडे बोट दाखवून कुणी ना कुणी म्हणतंच, "अगदी दुबई वाटतंय!" नेरुळला राहून मी हे अनेकदा ऐकलं, स्वतःही म्हटलं. गेल्या जानेवारीत भाच्याकडे आठवडाभर दुबईला राहून आले आणि आता ते वाक्य तोंडातून निघत नाही. ज्या काचेच्या शहराला आपण दुबई म्हणतो ते तिथलं अगदी अलीकडचं. त्याच्या आधीचं शहर खाडीच्या काठाला, फहिदी मोहल्ल्यात, थोडंसं अजून उभं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या किनाऱ्यावरच्या लिंगेह बंदरात करांचा जाच वाढला, तसे तिथले व्यापारी समुद्र ओलांडून दुबईला येऊ लागले. दुबईच्या शासकांनी जकात माफ करून, खाडीलगत जागा देऊन त्यांना बसवून घेतलं. त्यांच्यातले बरेच जण बस्तक गावचे, म्हणून मोहल्ल्याचं जुनं नाव बस्तकिया. येताना त्यांनी घर बांधायची रीतही बरोबर आणली, आणि त्या रीतीतली सगळ्यात डोळ्यांत भरणारी वस्तू म्हणजे बादगीर. अरबीत तिला बारजील म्हणतात.

बारजील म्हणजे घराच्या माथ्यावर उभारलेला चौकोनी मनोरा, चारही बाजूंनी वर उघडा. आत फुलीच्या आकाराच्या भिंती असतात. वारा कुठूनही येवो, त्या बाजूच्या कप्प्यातून तो खाली खोलीत उतरतो आणि आतली गरम हवा दुसऱ्या बाजूच्या कप्प्यातून वर निघून जाते. बाहेरची हवा त्याने फारशी थंड होत नाही, पण ती अंगावरून वाहत राहते. दमट उकाड्यात तेवढ्यानेच किती फरक पडतो, हे आपल्याकडे मे महिना काढलेल्याला वेगळं सांगायला नको. मी बराच वेळ एका मनोऱ्याखाली उभी होते. वर हिवाळ्यातलं ऊन रखरखत होतं आणि खाली माझी ओढणी हलत होती.

भिंती समुद्रातल्या प्रवाळी दगडाच्या, वर जिप्समचा गिलावा. हा दगड सच्छिद्र, त्यामुळे उष्णता सावकाश झिरपते. गल्ल्या मुद्दाम अरुंद, म्हणजे समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर सावली धरतात आणि खाडीचा वारा आत शिरतो. गरिबांची घरं मात्र खजुराच्या झावळ्यांची. फटींतून वारा येई, म्हणून उन्हाळ्यात तीच जास्त सुसह्य.

मला सगळ्यात जास्त भावला तो छताचा वासा. वाळवंटात लाकूड नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून खारफुटीचे सोट येत, मुख्यतः कांदळाचे. त्या सोटाची लांबी मर्यादित, म्हणून खोल्यांची रुंदीही साधारण साडेतीन मीटरच्या आतबाहेर. घराचं माप झाडाने ठरवलं! ठाणे खाडीच्या काठावर राहणाऱ्या मला हे वाचून शहारा आला. सागवान आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जाई, मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि १९६६ पर्यंत त्या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता.

त्याच १९६६ मध्ये दुबईच्या समुद्रात तेल सापडलं. पण शहराचा आराखडा त्याआधीच झाला होता : दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी १९६० मध्ये जॉन हॅरिस या इंग्रज वास्तुरचनाकाराकडून तो करून घेतला. आपल्या नवी मुंबईची कल्पनाही त्याच दशकातली. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी ती १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात मांडली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली.

हॅरिस यांनीच पुढे दुबईचा पहिला उत्तुंग टॉवर बांधला, १९७९ चं ३९ मजली वर्ल्ड ट्रेड सेंटर. त्याच्या खिडक्या काँक्रीटच्या जाळीदार चौकटींमागे आत सरकवलेल्या आहेत. म्हणजे त्या टॉवरलाही उन्हाची जाण होती. नंतर वीज आणि एसी मुबलक झाले आणि ती जाण गरजेची उरली नाही. काच थेट दर्शनी भिंतीवर आली. २०१० मध्ये ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा उभा राहिला. १९६८ च्या जनगणनेत जेमतेम ५९ हजार वस्तीचं गाव आज ३५ लाखांच्या वर गेलं आहे. एवढ्या वेगात कुणाला वाट पाहायला वेळ नव्हता, हे मला समजतं. पण बस्तकियाचा मोठा भाग १९८० च्या दशकात पाडला गेला. उरलेलाही जाणारच होता, काही जाणकारांनी आवाज उठवल्यामुळे तो वाचला.

भाचा तिथे एसीच्या कामातच आहे. उन्हाळ्यात विजेचा सगळ्यात मोठा घास थंडाव्याचा, असं तो सांगतो. आता दुबईनेच नियम कडक केले आहेत. २०१४ पासून प्रत्येक नव्या इमारतीला हरित बांधकामाची नियमावली बंधनकारक आहे, आणि काचेतून किती उष्णता आत यावी यावरही तिच्यात मर्यादा आहे.

आपल्याकडे बेलापूरला कोरियांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज बांधलं. सात-सात घरांचे गट, मध्ये सामायिक अंगण, उतरती छपरं. परवा तिथे पुन्हा गेले. बरीच घरं पाडून त्यांच्या जागी मजले चढले आहेत. एका अंगणात मात्र झाड होतं, त्याखाली दोन आज्जी वाल सोलत बसल्या होत्या आणि टेकडीवरून वारा येत होता. तिथून नेरुळला परतताना पाम बीच रोडवर एका नव्या इमारतीला काच बसवण्याचं काम चालू होतं. बाजू पश्चिमेची, आणि त्या काचेत उघडणारी खिडकी मला कुठे दिसली नाही.