घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका
नाकातून रक्त आलं की ‘मान वर कर, डोकं मागे टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. त्याने रक्त थांबत नाही, नुसतं दिसेनासं होतं. घशावाटे पोटात जातं, मग मळमळ, उलटी.

बहुतेकदा रक्त येतं ते नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरवर असतं, म्हणून ते बाहेरून दाबता येतं. ताठ बसा, किंचित पुढे वाका, हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, तोंडाने श्वास घ्या. सलग १० ते १५ मिनिटं. मध्येच सोडून ‘थांबलं का’ बघू नका. धरत आलेली गुठळी सुटते. अर्ध्या तासातही थांबलं नाही, किंवा डोक्याला मार लागला असेल, तर थेट दवाखाना गाठा.