हत्तीपायाची घरगुती निगा

हत्तीरोगात लसीकावाहिन्या (ऊतींतील पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या नलिका) निकामी होऊन सुजलेल्या पायाची घरी, बहुधा घरच्याच माणसाच्या हातून, रोज होणारी देखभाल. भारतात हा रोग जवळजवळ सर्वत्र वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीमुळे होतो आणि क्यूलेक्स डास तो पसरवतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय १२) श्लीपदाचे, म्हणजे पाय सुजून जाड होण्याच्या रोगाचे, वर्णन आहे. जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो, अशा प्रदेशांत ते विशेषेकरून होते, असे तेथे म्हटले आहे. ‘शिळेसारखा पाय’ ही श्लीपद या शब्दाची परंपरागत फोड व्युत्पत्तीपेक्षा वर्णन म्हणूनच जास्त पटते. संहितेचा काळ वादग्रस्त असून आजचा पाठ अनेक संस्कारांतून आलेला आहे. श्लीपद म्हणजेच हत्तीरोग असे सरसकट समीकरण मांडले जाते; परंतु पाय असा सुजण्याची कारणे अनेक असल्याने, त्या संज्ञेत हत्तीरोगाबरोबर इतर सुजाही आल्या असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. उत्तरकालीन ग्रंथांत धोतरा, एरंड, निगडी, घेटुळी, शेवगा व मोहरी यांचा लेप सांगितला आहे. फाटलेल्या कातडीवर मात्र असे लेप घालू नयेत. धोतरा विषारी आहे आणि मोहरीने कातडी भाजते.

टिमोथी लुइस यांना १८७२ मध्ये कलकत्ता येथे माणसाच्या रक्तात हत्तीरोगाच्या कृमीची पिले आढळली. डासाचा संबंध पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे दाखवला. त्यानंतर दीर्घकाळ ताप, थंडी, लालबुंद पाय आणि जांघेतील अवधाण (सुजलेली, दुखरी गाठ) हे सारे कृमीचेच काम मानले जाई. मरणाऱ्या कृमीमुळेही गाठी येतात व दाह होतो, हे खरे. पण सुजलेल्या पायाला वारंवार येणारे, ताप व दाहाचे हे झटके मुख्यतः कातडीतून शिरलेल्या जिवाणूंमुळे येतात, असे ब्राझीलमधील रेसिफे येथील झेरुझा ड्रेयर व इतरांच्या अभ्यासाने पुढे आणले. घरच्या निगेला आज जे महत्त्व आहे ते या मतामुळे. प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढते व कातडी जाड होते. म्हणून झटका टाळणे हाच खरा उपाय होय.

जिवाणूंची वाट बहुधा बोटांच्या बेचक्यांत असते. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटामध्ये पांढरी, भिजल्यासारखी, वास येणारी कातडी दिसली, की त्या चिखल्या समजाव्यात. रोज, शक्यतो रात्री, पाय साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुतात. घड्या पडल्या असतील तर त्या बोटांनी हलकेच उघडून आतून धुतात, ब्रशने घासत नाहीत. निवळ पाणी येईपर्यंत साबण काढावा. त्यानंतर मऊ सुती फडक्याने टिपून घेतात. हे टिपणेच सर्वांत जास्त चुकते: वरून पाय कोरडा होतो, बेचके ओलेच राहते. स्वतः वाकता न येणाऱ्या माणसाचे हे काम दुसऱ्यानेच करायचे असते, आणि ते करणाऱ्याचे हात हेच खरे औषध आहे. चिखल्यांवर डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम लावतात.

झोपताना गादीच्या पायथ्याखाली उशी सरकवून पाय उंच ठेवतात. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. दिवसा घोटा फिरवणे व टाचा उचलणे हे व्यायाम करतात.

झटका आला असता व्यायाम थांबवतात, पाय उंच ठेवून गार पाण्याच्या घड्या ठेवतात, भरपूर पाणी पाजतात आणि डॉक्टरांना दाखवतात. शेक, घट्ट पट्टी व फोड फोडणे वर्ज्य. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखणे, किंवा दोन्ही पायांच्या सुजेबरोबर धाप लागणे, ही हत्तीरोगाची लक्षणे नव्हेत. अशा वेळी त्वरित रुग्णालय गाठावे.

भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासून व सामूहिक औषधोपचार २००४ पासून आहे. महाराष्ट्रात विदर्भातील पूर्वेकडील जिल्ह्यांत रोगाचा प्रादुर्भाव जास्त आढळतो. या औषधोपचारातील गोळ्यांनी रक्तातील कृमीची पिले मरतात. जुनी सूज त्यांनी उतरत नाही. भाताच्या चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्या रुग्णाने निदान घरी परतताच पाय धुऊन कोरडे करावेत, आणि इतर वेळी पायाच्या मापाची, न घासणारी चप्पल वापरावी.