म्हाताऱ्या उंदरांतले अमायलॉइड: वय, वाण आणि पिंजरा

प्रयोगशाळेतला उंदीर दीड-दोन वर्षांचा झाला की अनेक वाणांत मूत्रपिंड, लहान आतडे, हृदय, अधिवृक्क ग्रंथी यांत सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी दिसणारा एकजिनसी पदार्थ साचलेला आढळतो, तो म्हणजे अमायलॉइड. तो ‘वयामुळे’ म्हणून नोंदवून पुढे जाणे सोपे, पण वय हे त्याचे एकच कारण नव्हे. बाकीची कारणे कळायला शतकाहून अधिक काळ गेला.

१८५४ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खोला हा पदार्थ आयोडीनच्या रंगावरून पिष्टासारखा वाटला. १८५९मध्ये फ्रीडरिख आणि केकुले यांनी तो प्रथिन असल्याचे दाखवले. १९२२पासून तो ओळखण्यासाठी काँगो रेड हा रंग वापरात आला, १९५९मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यातले तंतू दिसले.

काँगो रेडची प्रचलित अल्कधर्मी पद्धत १९६२ची. ८० टक्के अल्कोहोलमध्ये मीठ संपृक्त होईपर्यंत विरघळवायचे आणि दर १०० मिलिलिटरला १ टक्का सोडियम हायड्रॉक्साइडचे १ मिलिलिटर ऐनवेळी घालायचे. ऊतीचा काप आधी यात २० मिनिटे, मग याच द्रावणात केलेल्या काँगो रेडमध्ये २० मिनिटे. सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर पंधरा मिनिटांच्या आत द्रावण वापरायला घेतले नाही तर रंग भरवशाचा राहत नाही. काप ८ ते १० मायक्रॉनचा हवा. नेहमीच्या ४-५ मायक्रॉनच्या कापात ध्रुवीकृत प्रकाशात अमायलॉइडची ओळख पटवणारी हिरवी चमक फिकी पडते आणि थोडे अमायलॉइड हमखास निसटते. फॉर्मालिनमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ऊतीही रंग कमी घेतात, म्हणून प्रत्येक खेपेला अमायलॉइड नक्की असलेला एक काप सोबत रंगवावाच.

उंदरांत मुख्यतः दोन प्रथिने साचतात. एक एए: दाह झाला की यकृत सीरम अमायलॉइड ए भरमसाट बनवते, त्याचा तुकडा तंतू होतो. केसिन या दुधातल्या प्रथिनाची इंजेक्शने देऊन हे मुद्दाम घडवता येते. १९७२च्या एका अभ्यासाने एकत्र ठेवलेल्या नरांच्या मारामाऱ्या आणि जखमा यांचाही याच्याशी संबंध दाखवला. तेव्हा चावाचावी झालेल्या पिंजऱ्यातले अमायलॉइड चाचणीतल्या औषधाच्या माथी मारण्याआधी उंदरांच्या पाठी तपासाव्यात.

दुसरे प्रथिन खरे वार्धक्यातले. क्योटो विद्यापीठात तोशिओ ताकेदा यांच्या गटाने एकेआर/जे वाणातून लवकर म्हातारे होणारे ‘सॅम’ उंदीर निवडले (१९८१). त्यांच्यात साचणारे प्रथिन अपोलायपोप्रोटीन ए-२ निघाले, म्हणजे रक्तातून मेद वाहून नेणाऱ्या कणांतले एक प्रथिन. लवकर म्हातारे होणाऱ्या सॅमपी१ या वाणात त्याचा सी प्रकार असतो: प्रथिनाच्या साखळीत पाचव्या जागी प्रोलीनऐवजी ग्लुटामिन. एवढ्या एका बदलाने तंतू झपाट्याने जमतात. सॅमआर१ या सावकाश म्हातारे होणाऱ्या वाणात याच सी प्रकाराचा जनुक घातल्यावर त्यातही भरपूर अमायलॉइड साचले, त्यामुळे वाण न सांगता दिलेला वयाचा आकडा अपुराच.

खरा धक्का २००१चा. मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठातल्या गटाने सी प्रकार असलेले तरुण उंदीर म्हाताऱ्यांसोबत तीन महिने एकाच पिंजऱ्यात ठेवले आणि तरुणांतही साठे झाले. म्हाताऱ्यांच्या विष्ठेत तंतू सापडले. बाहेरून आलेला तंतू बीजासारखा वागतो, शरीरातले स्वतःचे प्रथिन त्यावर चिकटत जाते.

यकृत आणि प्लीहा दोन्ही प्रकारांत भरू शकतात, म्हणून नुसत्या जागेवरून प्रकार ठरवू नये. दोन्ही प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे वापरून रंगवावे. आणि वेगवेगळ्या वयाचे गट तुलनेसाठी असतील तर त्यांचे पिंजरे आणि भुसा पहिल्या दिवसापासून वेगळे असावेत.