फ्रॉम आणि रिटर्न-पाथ: पत्रिकेतला निमंत्रक वेगळा, पाकिटावरचा प्रेषक वेगळा

लातूरला क्लासेसच्या आणि आडत दुकानांच्या वेबसाइट करून देतो मी, त्यामुळं महिन्यातून दोन-तीनदा तरी फोन येतोच, "भाऊ, कोडमध्ये फ्रॉम बरोबर टाकलाय, मेल जायलेत पण पोचंनात." आणि फोन करणाऱ्याला आधीच कुणीतरी शहाण्यानं सांगितलेलं असतं की पोर्ट, म्हणजे मेल पाठवायला सर्व्हरचं जे दार वापरतो त्याचा नंबर, 587 चं 465 करून बघ. अरे बाबा, पोर्टच चुकला असता तर मेल सर्व्हरातून हाललाच नसता. निघाला आणि मधेच गायब झाला म्हणजे घोळ दुसरीकडं आहे, आणि बहुतेक वेळा तो हाच, की एका मेलला पाठवणारे दोन असतात हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिला पाठवणारा म्हणजे फ्रॉम. तो तुम्हाला माहीत आहे, इनबॉक्समध्ये नाव दिसतं तो, त्याच्यावर वेळ घालवत नाही.

दुसरा पाकिटावरचा. लग्नपत्रिका आठवा. आत खाली निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव असतं, पण पाकीट पोस्टात टाकलेलं असतं धाकट्या काकानं आणि कोपऱ्यात प्रेषक म्हणून पत्ताही त्याचाच. पाव्हण्यांनी घर बदललं असलं तर पोस्टमन पाकीट फोडून निमंत्रक कोण ते बघत नाही, काकाकडं परत आणून टाकतो. मेलचं अगदी हेच आहे. सर्व्हर एकमेकांशी बोलताना आधी "मेल फ्रॉम" म्हणून एक पत्ता सांगतात, तो पाकिटावरचा. मग "डेटा" म्हणून आतली चिठ्ठी देतात, त्यात तुमचा फ्रॉम. दोन्ही जुळलेच पाहिजेत असा नियम एसएमटीपीत, म्हणजे सर्व्हरांच्या या बोलण्याच्या पद्धतीत, नाही. 1982 साली नियम लिहिले तेव्हाच पाकिटाचे आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा कागद) 821 मध्ये आणि चिठ्ठीचे आरएफसी 822 मध्ये असे वेगवेगळे लिहिले गेले, 2008 ला सुधारून 5321 आणि 5322 झाले, तरी दोन ते दोनच राहिले. मेल शेवटी जिथं पोचतो तो सर्व्हर पाकिटावरचा पत्ता मेलच्या वर चिकटवतो, त्या ओळीचं नाव रिटर्न-पाथ.

आता खरा पाय घसरतो तो इथं: कोण कुठला पत्ता बघतं. माणूस फ्रॉम बघतो. बाउन्स, म्हणजे मेल पोचला नाही असं सांगणारा परतीचा मेल, रिटर्न-पाथवर जातो. एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या नावानं कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवायचा याची यादी, तपासलं जातं ते पाकिटाच्या डोमेनवर, फ्रॉमशी त्याला काही देणंघेणं नाही. हे वाक्य परत वाचा, कारण नव्वद टक्के रडारड इथली आहे. तुम्ही मेल पाठवणारी एखादी सर्व्हिस घेता, ती पाकिटावर स्वतःचं डोमेन घालते म्हणजे बाउन्स तिच्याकडं येतील, आणि जीमेलात "शो ओरिजिनल" उघडलं की एसपीएफ पास दिसतं. गडी खूश. पण पास कोण झालं? सर्व्हिसवाला. तुमच्या डोमेनबद्दल तिथं कुणी काही विचारलेलंच नाही.

विचारतं ते डीमार्क, फ्रॉमच्या डोमेनची ही तिसरी तपासणी. ते फ्रॉममधलं डोमेन धरतं आणि बघतं की पास झालेल्या एसपीएफचं डोमेन किंवा डीकेआयएम सहीचं (मेलवरची डिजिटल सही) डोमेन याच्याशी जुळतं का. दोन्हींपैकी एक जुळलं तरी भागतं, आणि साध्या सेटिंगला सबडोमेनही चालतं. म्हणून सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये जाऊन बाउन्ससाठी आपलं सबडोमेन लावून घ्या आणि डीकेआयएमची सही आपल्या डोमेनची करा. मी दोन्ही करतो. एकच करायचा कंटाळा असेल तर डीकेआयएम करा, कारण मेल कुणी पुढं फॉरवर्ड केला की पाठवणारा सर्व्हर बदलतो आणि एसपीएफ झोपतं, सही बहुतेक वेळा टिकते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला दिवसाला 5000 च्या वर मेल टाकणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतात.

आता माझीच एक फजिती. एका क्लासचा चौकशीचा फॉर्म केला होता, पालक नाव-मेल-प्रश्न भरणार आणि क्लासला मेल जाणार. मी हुशारी केली, फ्रॉममध्ये पालकाचाच मेल टाकला, म्हणलं सरांनी रिप्लाय दाबला की सरळ त्यांना जाईल. जीमेलवाल्या पालकांचे मेल स्पॅममध्ये का होईना पण सापडायचे, याहूवाल्यांचे मात्र पत्ताच नाही. याहूनं 2014 च्या एप्रिलातच डीमार्क "रिजेक्ट" (जुळलं नाही तर मेल घेऊच नका) करून ठेवलंय, म्हणजे माझ्या सर्व्हरनं याहूच्या नावानं मेल टाकला की समोरचा सर्व्हर दारातूनच 550, म्हणजे नकाराचा कोड, म्हणून हाकलतो. वरून पीएचपीमेलर या मेल पाठवायच्या लायब्ररीतल्या सेटफ्रॉमनं पाकिटावरही पालकाचाच पत्ता घातला, मग बाउन्स कुणाला? पालकाला. औशाहून एका बाईंचा क्लासला फोन, "सर, इंग्रजीत काहीतरी फेल आलंय, पोराचं ॲडमिशन फेल झालं का?" फ्रॉम आपल्या डोमेनचा आणि पालकाचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये (उत्तर कुठं जायचं ते सांगणारी ओळ), एवढंच करायचं होतं. दोन ओळी.

लायब्रऱ्यांचं थोडक्यात. पीएचपीमेलरला पाकिटासाठी "सेंडर" नावाची प्रॉपर्टी आहे, नोडजेएसच्या नोडमेलरला "एन्व्हलप", आणि नाही दिलं तर दोन्ही आपापलं ठरवून घेतात. पायथनच्या जँगोत फ्रॉम-ईमेल पाकिटावर जातो, हेडर्समध्ये (चिठ्ठीच्या वरच्या ओळी) वेगळा फ्रॉम दिला तर चिठ्ठीवर तो. पीएचपीचं नुसतं मेल फंक्शन वापरत असाल तर पाचव्या जागी वजा-एफ (-f) आणि पत्ता दिल्याशिवाय पाकिटावर बहुतेकदा सर्व्हरच्या युजरचं नाव जातं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा वगैरे, आणि तो डबा कोण उघडतंय. नुसतं मेल फंक्शन वापरूच नका खरं तर.

आणि एक गोष्ट बघितली की डोकंच उठतं, हेडरमध्ये हातानं "रिटर्न-पाथ" लिहिणं. ती ओळ पोचवणारा सर्व्हर लिहितो, आपण लिहिलेली तो काढून टाकतो. रूबीच्या रेल्समध्ये रिटर्न-पाथ दिलं की चालतं, कारण तिथलं "मेल" नावाचं जेम (लायब्ररी) तेच उचलून पाकिटावर घालतं, आणि ते बघून लोक पीएचपीत तसंच चिकटवतात.

घेणाऱ्याच्या बाजूलाही हीच जोडी आहे, बीसीसी तिच्यावरच चालतं, नाव पाकिटावर असतं आणि चिठ्ठीवर नसतं. पाकिटावरचा प्रेषक रिकामाही ठेवता येतो, बाउन्सचे मेल तसेच येतात, नाहीतर बाउन्सचा बाउन्स असं दोन सर्व्हर रात्रभर खेळत बसले असते. पण तुमच्या ॲपमधून रिकामं पाकीट पाठवू नका, आणि नो-रिप्लाय हा पत्ता तर फ्रॉममध्ये अजिबात नको, पालक त्यालाच उत्तर देतात आणि मग क्लासला फोन करून विचारतात की मेल बघितला का.