एनसी दिली म्हणजे केस झाली का?

नळाला पाणी आलं की सोलापूरच्या पेठांत शेजाऱ्याने लावलेल्या मोटारीवरून भांडण ठरलेलं. शिवीगाळ होते, कॉलर धरली जाते, एखादी थप्पडही बसते आणि दोन्ही घरं जेल रोड नाहीतर जोडभावी पेठ पोलीस ठाण्यात हजर. येताना हातात एक कागद आणि तोंडी एकच वाक्य: ‘केस केली त्याच्यावर!’

तो कागद बहुतेकदा एनसीचा असतो. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यावर न्यायालयात दाद मागण्याची समज दिल्याचं लिहिलेलं असतं, पण ती ओळ कुणी वाचत नाही. भारतीय न्याय संहितेत शिवीगाळ (कलम 352) आणि हाताने केलेली साधी मारहाण (कलम 115) अदखलपात्र आहे. अशा प्रकरणात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. त्यामुळे ‘पोलीस काहीच करत नाहीत’ ही तक्रार दर वेळी खरी नसते.

एफआयआर दखलपात्र गुन्ह्याचा. भांडणात हाड मोडलं किंवा कोयता चालला, तर आदेशाची वाट न बघता तपास सुरू होतो. प्रत फुकट मिळते. एकाच घटनेत दहा गोष्टी अदखलपात्र आणि एकच दखलपात्र असली, तरी सगळं प्रकरण दखलपात्रच धरतात. म्हणून मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. कलम बऱ्याचदा त्या दाखल्यावर ठरतं. एफआयआर नाकारला, तर शहरात पोलीस उपायुक्तांकडे आणि तालुक्यात ग्रामीण अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते.

मग एनसी काय चुलीत घालायची? मुळीच नाही. तोच शेजारी पुन्हा पुन्हा त्रास देत असेल, तर जुन्या एनसींच्या आधारावर पोलीस ‘चॅप्टर’चा, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी घेण्याच्या कारवाईचा, प्रस्ताव पाठवतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 107, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 126. शांतता राखीन असा जास्तीत जास्त एक वर्षाचा बाँड लिहून द्यावा लागतो. रोजच्या कटकटीला माझ्या मते हाच उपाय जास्त लागू पडतो. मोटारीचा मूळ वाद मात्र यातल्या कशानेच सुटत नाही, त्यासाठी महापालिकेचा पाणीपुरवठा विभागच गाठावा लागतो.

आणि चॅप्टर लागतो तेव्हा बऱ्याचदा दोन्ही घरांना लागतो, कारण समोरच्यानेही तुमच्यावर एनसी देऊन ठेवलेली असते.